काखेतला साक्षीदार

आमच्या घरात एकच जण असा आहे, जो विचारल्याशिवाय बोलत नाही आणि विचारलं तेवढंच सांगतो. लांबीला वीतभरही नाही, रंग पांढरा, पोटावर निळं बटण, टोकाला धातूची इवलीशी टोपी. काम झालं की पी-पी-पी करतो, म्हणून मनूने त्याचं नाव 'पीपी' ठेवलंय. आता आम्हीही तेच म्हणतो. 'थर्मामीटर कुठंय?' असं आमच्याकडे कुणी विचारलं, तर तो पाहुणा समजावा.

तसा तो मनूच्या जन्मापासून घरात आहे. पण पहिली तीन वर्षं त्याला काम असं नव्हतंच. लस टोचून आणली की संध्याकाळी दोन-तीनदा बाहेर यायचा. एरवी बिस्किटांच्या जुन्या डब्यात सुईदोरा आणि कापसाच्या शेजारी पडून. मग २०२५च्या जूनमध्ये मनू नर्सरीत जायला लागली आणि पीपीच्या बैठ्या नोकरीचे दिवस संपले.

शाळा सोमवारी सुरू झाली. पुढच्या सोमवारी नाक वाहायला लागलं. बुधवारी रात्री सासूबाईंनी मनूच्या मानेला हात लावला आणि म्हणाल्या, "कसर आहे गं अंगात."

आईंचा पीपीवर फारसा विश्वास नाही. त्यांचं यंत्र म्हणजे उजव्या हाताची मागची बाजू. आधी कपाळ, मग मान, मग पोट. निकालही आकड्यात नाही, शब्दांत. कसर आहे, अंग गरम आहे, चटका बसतोय, फणफणलीय. मी काही दिवस गुपचूप पडताळा घेतला. कसर म्हणजे ९९च्या आसपास, गरम म्हणजे १००, चटका म्हणजे १०१ आणि फणफणली म्हणजे १०२च्या पुढे. हात फारसा चुकला नाही. एकदाच चुकला. त्या नुकत्याच भांडी विसळून आल्या होत्या, हात गारठलेला, म्हणून मनूचं कपाळ त्यांना चटका देऊन गेलं. पीपी म्हणाला ९८.८. आई म्हणाल्या, "सेल गेला असेल त्याचा."

त्यांच्या लेखी खरा थर्मामीटर काचेचा. माझ्याही माहेरी होता. निमुळत्या डबीत, खाली कापसाचा बोळा. आधी बाबांनी मनगटाला झटके देऊन पारा उतरवायचा, मग जिभेखाली धरायचा, बोलायचं नाही. नंतर दिव्याकडे तोंड करून काच गोल फिरवत ती चंदेरी रेघ शोधायची. बाबांना ती लगेच सापडायची, मला कधीच नाही. फुटला तर पारा घरभर आणि आई आमच्यामागे. तो आता घराघरांतून गेला, ते बरंच झालं. 'त्यांचा पारा चढला' एवढं मात्र भाषेत ठेवून गेला. पीपीच्या पोटात पारा नाही. टोकाच्या टोपीखाली एक बारीकसा कण असतो, उष्णता वाढली की त्याचा विजेला होणारा विरोध कमी होतो. त्यावरून तो आकडा काढतो आणि आकडा चढायचा थांबला की पी-पी करतो.

घराण्याने मात्र तो जुना. एकोणिसाव्या शतकात रुग्णांसाठी वापरायचे थर्मामीटर फूटभर लांब असत आणि वीस मिनिटं धरून बसावं लागे. इंग्लंडमधल्या ऑलबट नावाच्या डॉक्टरांनी १८६७च्या सुमारास सहा इंची आणि पाच मिनिटांत आटपणारा तयार केला. तीन वर्षांच्या मुलीला काखेत हात दाबून वीस मिनिटं बसवायचं असतं, तर वैद्यकशास्त्र तिथेच थांबलं असतं. आणि तो प्रसिद्ध ९८.६? जर्मनीतल्या वुंडरलिश यांनी हजारो रुग्णांचं तापमान नोंदून १८६८ साली नेहमीचा आकडा ३७ अंश सेल्सिअस सांगितला, त्याचंच फॅरेनहाइटमधलं रूप ते. शाळा ज्यावर अडून बसते ते १००.४ही तसंच, ३८चं भाषांतर. हवामान आपण सेल्सिअसमध्ये ऐकतो आणि ताप फॅरेनहाइटमध्ये मोजतो, हे एका अर्थी बरं आहे. बाहेर ३८ म्हणजे उकाडा. काखेत ३८ म्हणजे रजा.

रजांचा हिशोब आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर आहे. दुधाच्या खाड्यांशेजारी माझ्या अक्षरात आकडे: '१०१.४, पहाटे ३.२०, साडेतीन मिली.' जून ते फेब्रुवारी असे नऊ पुंजके आहेत. तिसऱ्या पुंजक्यानंतर मला वाटायला लागलं की मुलीत काहीतरी कमी आहे. आईंनी मीठमोहरी ओवाळून दृष्ट काढली. मी रक्ताच्या तपासण्यांची यादी घेऊन डॉक्टरांकडे गेले. ते हसले नाहीत, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. म्हणाले, सर्दीचे विषाणूच शे-दीडशे जातींचे, प्रत्येकाशी वेगळी ओळख करून घ्यावी लागते. घरात होती तोवर ओळखी झाल्या नाहीत, आता वर्गातली वीस मुलं एकदमच करून देताहेत. पहिल्या वर्षात आठ-दहा वेळा नाक गळणं हे नेहमीचं. प्रत्येक सर्दी आठ-दहा दिवसांची, वर खोकला आणखी आठवडाभर रेंगाळणार. गुणाकार करा म्हणाले. मी केला. डोंबिवलीकराला हे लगेच कळतं: एकच गाडी थांबून राहिलेली नसते. एक सुटते तोवर मागची इंडिकेटरवर लागलेली असते.

ऑगस्टमध्ये आली ती जरा वेगळी गाडी होती. ताप १००च्या आसपास, एक दिवस. दुसऱ्या दिवशी मनू वरणभात तोंडात घेऊन रडायला लागली. टॉर्च लावून पाहिलं, तर टाळूवर लाल ठिपके, मग तळहातांवर, तळपायांवर. आई म्हणाल्या कांजिण्या. निघालं 'हॅन्ड फूट माउथ'. पावसाळ्यात नर्सरीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हे नाव पालकांच्या नावांपेक्षा जास्त वेळा येतं. आठवड्याभरात सगळं गेलं. गणपती झाले. आणि महिनाभराने एका सकाळी मनू बोट घेऊन माझ्यापुढे आली. आंगठ्याचं नख मुळापासून सुटून वर आलं होतं, खाली कोवळं, गुलाबी दुसरं. दुखत नव्हतं. तिला ते फार आवडलं, जुनं नख तिने काडेपेटीत ठेवायला लावलं. मी मात्र पीपी घेऊन धावले. ९८.२. त्या आजारानंतर कधीकधी अशी नखं सुटतात आणि आपली आपण येतात, हे मला मागाहून कळलं. पीपीला विचारलं होतं ताप आहे का. त्याने तेवढंच सांगितलं.

सप्टेंबरातली एक रात्र. अडीच वाजले होते, मनू कण्हत होती, पीपी डब्यात नव्हता. उशीखाली नाही, फ्रिजवर नाही. नवऱ्याने सोफ्याच्या फटीत हात घालून दोन पेन्सिली आणि एक हरवलेला रिमोट काढला. आईंनी देवघराचा खणसुद्धा पाहिला. शेवटी पोरीला पाणी पाजायला उठवलं, तेव्हा तो तिच्या काखेतून गादीवर पडला. मीच मघाशी लावून झोपेत विसरले होते. तो बिचारा पी-पी करून आपोआप बंद झालेला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण इतकी शब्दशः कुणाच्या घरात घडली असेल असं वाटत नाही. आम्ही तिघं रात्री अडीचला हसत होतो आणि मनू तापल्या डोळ्यांनी पाहत होती, यांना काय झालं.

त्या रात्री ताप होता १०३.१. मी डॉक्टरांना फोन केला, आकडा सांगितला. ते म्हणाले, "आई, तुम्ही मला पीपीबद्दल सांगताय. मनूबद्दल सांगा. पाणी पितेय? शू झाली? औषधानंतर डोळे उघडून बोलतेय?" सगळ्याला हो होतं. मग म्हणाले, झोपली की छातीकडे बघा आणि घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. तिच्या वयाला मिनिटाला ४० किंवा जास्त भरले, फासळ्यांखाली खड्डा पडायला लागला, मूल मलूल पडलं, तर फोन करत बसू नका, घेऊन या. अंधारात मोजले. ३२. एवढं शांत मी बऱ्याच दिवसांत बसले नव्हते. तोवर मी तापल्या मुलीकडे न बघता त्या काचेच्या चिमुकल्या खिडकीकडेच बघत होते.

ऑक्टोबरात पीपीच्या डब्यातले शेजारी गेले. मध्य प्रदेशात छिंदवाड्याला खोकल्याच्या औषधात डायएथिलीन ग्लायकोल निघालं, मुलं दगावली. कित्येकांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं. केंद्राच्या आरोग्य खात्याने सांगितलं की सर्दी-खोकल्याची औषधं दोन वर्षांखाली नकोतच, पाचखालीही सहसा नकोत. आमच्या डब्यात तसल्या तीन अर्धवट बाटल्या होत्या. एक तर कधी आणली तेही आठवेना. तिन्ही गेल्या. राहिलं पॅरासिटामॉल, तेही वजनावर बेतून, कारण बाजारात तेच औषध ५ मिलीत १२० मिलिग्रॅमचंही मिळतं आणि २५०चंही, आणि खोकी जुळ्या भावांसारखी.

त्याच पॅरासिटामॉलचं एक प्रकरण मला सांगायचंय. पीपी त्यातला साक्षीदार आहे.

नर्सरीचा नियम साधा आहे. ताप उतरल्यावर, औषध न देता, चोवीस तास जाऊ द्यायचे, मग पाठवायचं. नोव्हेंबरात माझ्या रजा संपल्या होत्या, ऑफिसात ऑडिट होतं, आई लग्नाला गावी गेलेल्या. सकाळी सात वाजता पीपी म्हणाला १००.८. साडेसातला मी साडेतीन मिली पाजलं. सव्वाआठला पुन्हा लावला. ९८.९. नवऱ्याला दाखवला. "बघ, उतरला." त्याने माझ्याकडे पाहिलं, पण त्यालाही आठ छपन्नची लोकल होती. मनूला स्वेटर घातला, शाळेत सोडलं. बाईंनी दारात विचारलं, "बरी आहे ना?" मी म्हटलं, "आत्ताच बघितला, नॉर्मल आहे."

खोटं एक अक्षर नव्हतं.

साडेअकराला फोन आला. मी कुर्ल्याला होते. बाकड्यावर डोकं ठेवून ती पाणीसुद्धा मागत नव्हती, असं बाई म्हणाल्या. वेगळं काही बोलल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात ग्रुपवर पाच जणांची मुलं तापाने घरी. विषाणू लक्षणांच्या आदल्या दिवसापासूनच पसरायला लागतो, त्यामुळे ती मनूमुळेच आजारी पडली असं कुणी म्हणू शकणार नाही. त्या पाचांमधल्या कुणाच्या घरीही एखाद्या सकाळी साडेसातला झाकणात औषध ओतलं गेलं असेल. असेलच. ऑडिटवाल्यांना काखेत घालायचा थर्मामीटर कळत नाही. पण पीपीला मी जे करायला लावलं, ते मला आवडलं नाही. कालनिर्णयवर त्या तारखेला मी फक्त ९८.९ लिहिलंय. सातचा आकडा लिहिलेला नाही.

फेब्रुवारीनंतर गाड्या विरळ झाल्या. मार्चमध्ये पीपीचा आकडा फिकट दिसायला लागला, आईंचं भाकीत अखेर खरं ठरलं. स्टेशनजवळच्या घड्याळवाल्याने नखाएवढा नवा सेल घालून दिला. घरी आणल्यावर चालतो का ते मनूला बघायचं होतं. तिने बाहुलीला मांडीवर घेतलं, रिकामं झाकण तिच्या तोंडाला लावलं आणि "संपव, संपव" म्हणत शेवटच्या थेंबापर्यंत पाजलं. जरा थांबली. मग पीपी काखेत धरला, तोंडानेच पी-पी-पी केलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बघ, उतरला."

बाहुली शाळेत गेली.