चौऱ्याऐंशी गावांची पेठ

पत्त्यात ‘मनीमाजरा’ असे लिहिलेले आढळल्यावरून एका वृद्ध दुकानदाराचा अर्ज परत केला जातो, आणि ज्या शहरात तो परत केला जातो ते शहर त्या मनीमाजऱ्याहून वयाने जवळजवळ दोन शतकांनी लहान असते, ही गोष्ट माझ्या डोळ्यांदेखत घडली नसती तर कोणी सांगूनही मी तिच्यावर विश्वास ठेवला नसता. तिला आता बरेच दिवस लोटले, पण मनातला सल गेलेला नाही.

आम्ही मूळचे वाईचे. सरकारी नोकरीने चंदीगडास आणले आणि निवृत्तीनंतर येथेच राहणे झाले. या शहराची जन्मकथा सर्वश्रुत आहे. फाळणीत लाहोर गेले, पूर्व पंजाबास राजधानी उरली नाही, आल्बर्ट मेयर व मॅथ्यू नोविकी यांनी पहिला आराखडा केला, १९५० साली विमान-अपघातात नोविकी गेले, आणि १९५१ साली ल कॉर्बुझिए हे आपले चुलतबंधू प्येर जान्नरे आणि मॅक्सवेल फ्राय व जेन ड्र्यू हे इंग्रज दांपत्य यांच्यासह या कामावर आले. शिवालिकच्या पायथ्याची गावे संपादन करून आठशे मीटर रुंद व बाराशे मीटर लांब असे सेक्टर आखण्यात आले, त्यांना क्रमांक देण्यात आले, आणि त्या अनुक्रमातून तेरा हा आकडा तेवढा गाळण्यात आला. पाश्चात्त्य मनास तो अशुभ वाटतो म्हणून गाळला, असे येथे सारेच सांगतात.

मध्य मार्गाने पंचकुल्याच्या दिशेस निघून सुखना चो या ओढ्याचा पूल ओलांडला, की डाव्या हातास मनीमाजरा लागते. चंदीगडचे लोक तेथे जातात ते प्रामुख्याने मोटर मार्केटात, जुन्या गाड्यांचे सुटे भाग स्वस्तात मिळतात म्हणून. आणि ते घेऊन परत फिरतात. पण त्या गोंगाटाकडे पाठ करून मोरी गेटाच्या बाजूने आत शिरावे, म्हणजे रस्ता अरुंद होत जातो, दोन्ही अंगांच्या दुकानांची छपरे एकमेकांकडे झुकू लागतात, कल्हईवाला, कापडवाला, हलवाई, पंसारी असे एकामागून एक लागत जातात, आणि आपण एखाद्या वसाहतीत नव्हे तर एका जुन्या कसब्याच्या भर पेठेत उभे आहो याविषयी शंका राहत नाही. शेजारच्या सरदारजींनी मला प्रथम तेथे नेले ते चांगली हळद मिळते म्हणून, आणि ज्या दुकानात नेले त्या दुकानाच्या लालाजींशी पुढे माझा स्नेह जडला. दुकान खोलीला फार, रुंदीला बेताचे; मागल्या भिंतीस छतापर्यंत लाकडी खण, त्यांच्या पितळी कड्या शेकडो बोटांनी हाताळून गुळगुळीत झालेल्या; पुढे गोणपाटावर मोरनीच्या डोंगरातली हळद, सुंठ, हिरडा, बेहडा. लालाजी हळकुंड दाताखाली मोडून दाखवीत आणि आतला रंग पाहिल्याशिवाय गिऱ्हाइकाने ते घेऊ नये असा आग्रह धरीत. वाईच्या हळदीच्या वखारींत ज्याचे बालपण गेले त्या माणसास अशा दुकानातून लवकर उठवत नाही.

या कसब्याचा इतिहास मला लालाजींनी तुटक तुटक सांगितला व पुढे मी तो जुन्या गॅझेटियरांशी ताडून पाहिला. सरहिंदचा फौजदार झैनखान, जो अब्दालीने नेमलेला होता, १७६४ च्या जानेवारीत शिखांशी लढताना मारला गेला. त्या धामधुमीत गरीबदास नावाच्या गृहस्थाने, ज्याचा बाप मोगल अमदानीत वसुलीच्या कामावर होता, बापाच्या हवाल्यातील चौऱ्याऐंशी गावे दाबून मनीमाजरा हे आपले ठाणे केले. त्याचा मुलगा गोपालसिंग १८१४ च्या गुरखा युद्धात इंग्रजांच्या उपयोगी पडला आणि त्यास ‘राजा’ हा किताब मिळाला. जवळच्या मनसादेवीचे देऊळ १८११ ते १८१५ या काळात बांधले ते त्यानेच. पुढे वंश खुंटला आणि जहागीर सरकारजमा झाली. सातारच्या १८४८ च्या आठवणी ज्या मुलखात अद्याप सांगितल्या जातात तेथल्या वाचकास हा प्रकार समजावून देण्याची गरज नाही. मराठी वाचकाने आणखी एक ध्यानात ठेवावे. झैनखान पडण्यापूर्वी अवघी सहा वर्षे, १७५८ च्या मार्चात, रघुनाथरावांच्या फौजेने हेच सरहिंद घेतले होते. आणि १७९४ साली जेव्हा मराठी फौजा पुन्हा या बाजूस आल्या तेव्हा पतियाळाच्या बीबी साहिब कौर यांनी अंबाल्याजवळ मर्दानपूर येथे त्यांस तोंड दिले. लालाजी हा दुसरा प्रसंग मोठ्या अभिमानाने सांगत आणि मी तो तितक्याच आदराने ऐकत असे.

गोपालसिंगाच्या वंशजांचा किल्ला अजून उभा आहे, म्हणजे त्याचे जेवढे उरले तेवढे. पातळ, लहान नानकशाही विटांच्या भिंतींतून पिंपळ उगवलेले आहेत आणि दरवाज्यास कुलूप असते. तो पुढे फरीदकोटच्या राजघराण्याच्या मालमत्तेत गेला, आणि त्या मालमत्तेच्या वारशाचा तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचून त्याचा निकाल २०२२ साली लागला. बाहेरून जे दिसते ते पाहून मी परतलो. देवळाची कथा याहून विलक्षण आहे. १ नोव्हेंबर १९६६ रोजी पंजाबची विभागणी झाली तेव्हा अंबाला जिल्ह्याच्या खरड तहसिलीतला हा कसबा केंद्रशासित चंदीगडात आला आणि त्याच्याच राजाने बांधलेले मनसादेवीचे देऊळ हरियाणात गेले. नवरात्रातले यात्रेकरू अर्थात सरहद्द पाहून येत नाहीत. ते जसे पूर्वी येत तसेच येतात आणि परतताना लालाजींकडून डोंगरी हळद घेऊन जातात.

फ्राय आणि ड्र्यू हे ज्या देशातून आले त्या देशात अशा बाजारगावांस केवढी प्रतिष्ठा होती हे आठवले म्हणजे मला विशेष वाटते. इंग्लंडात बाजार भरविण्याचा हक्क राजाच्या सनदेने मिळत असे आणि तो हक्क गावाच्या मानाचा भाग असे. तेराव्या शतकातील ब्रॅक्टन हा कायदेपंडित सांगतो की, एका बाजारापासून सहा मैल व दोन तृतीयांश मैलाच्या आत दुसरा बाजार बसवू नये. कारण माणूस दिवसात वीस मैल चालतो, त्याचा एक तृतीयांश दिवस जाण्यात, एक तृतीयांश खरेदीविक्रीत आणि उरलेला उजेडी घरी परतण्यात जावा. हा हिशेब वाचताना मला आपल्याकडील आठवडे बाजारांचे वार आठवले, कारण तेही माणसाच्या व बैलाच्या पायांनीच ठरविलेले आहेत. चंदीगडच्या शिल्पकारांनीही पायांचा विचार केला होता, हे मी कृतज्ञतेने नमूद करतो. प्रत्येक सेक्टरमधून बाजाराचा एक रस्ता जातो, त्याच्या सावलीच्या बाजूस दुकाने असतात, आणि गृहिणीस भाजीसाठी मोठा रस्ता ओलांडावा लागत नाही. परंतु जो बाजार त्यांच्या आधीपासून चौऱ्याऐंशी गावांच्या पायांनी तयार केलेला होता तो त्या आराखड्याच्या बाहेरच राहिला, आणि कित्येक दशके बाहेर ठेवल्यानंतर २०२० साली प्रशासनाने त्यास आत घेतले ते ‘सेक्टर १३’ असे नाव देऊन, म्हणजे जो आकडा शहराने स्वतःसाठी नको म्हणून टाकून दिला होता तोच त्याच्या गळ्यात बांधून.

आता अर्जाची हकीकत. लालाजींचा मुलगा कॅनडास गेला. दुकान मुलगी पाहते. नळाची जोडणी तिच्या नावे करून द्यावी इतकाच अर्ज होता. लालाजींस ऐकू कमी येते म्हणून मी बरोबर गेलो. कार्यालयाचे नाव लिहीत नाही. खिडकीवरचा तरुण कारकून सभ्य होता, त्याने लालाजींस बसावयास खुर्ची दिली. कागद तीन होते. एक, लालाजींच्या आजोबांचे खरेदीखत, उर्दूत, फाळणीपूर्वीच्या मुद्रांकावर, ज्यात ‘कसबा मनीमाजरा, तहसील खरड, जिल्हा अंबाला’ असे स्वच्छ लिहिलेले. दुसरा, विजेचे बिल, त्यावर मनीमाजरा. तिसरा, मुलीचे आधारपत्र, जे तिने नुकतेच दुरुस्त करून घेतले होते, त्यावर सेक्टर १३. कारकुनाने तिन्ही कागद पाहिले आणि म्हणाला की पत्ते जुळत नाहीत. हे दोन्ही पत्ते एकाच जागेचे आहेत असा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला आणा.

सक्षम अधिकारी कोण, हे त्यास ठाऊक नव्हते. आम्ही महसुलाच्या खिडकीवर गेलो. तेथे कळले की दुकान लाल डोऱ्यात आहे, म्हणजे आपल्याकडे ज्यास गावठाण म्हणतात त्या हद्दीत, आणि लाल डोऱ्यातल्या जागांची नोंद जमाबंदीत नसते, सबब तिच्याविषयी दाखला देता येत नाही. मग नोटरीपुढे प्रतिज्ञापत्र केले. खिडकीवर उत्तर मिळाले की प्रतिज्ञापत्र हे अर्जदाराचे म्हणणे झाले, पुरावा नव्हे. मी विचारले, ज्या प्रशासनाने मनीमाजऱ्यास सेक्टर १३ म्हणावे असा आदेश काढला त्याच प्रशासनाच्या खिडकीवर आम्ही उभे आहो, तेव्हा त्या आदेशाहून वरचा दाखला कोण देणार? कारकून म्हणाला, आदेशाची प्रत आणा. मी वर्तमानपत्राचे कात्रण दिले. तो म्हणाला, कात्रण चालत नाही, प्रमाणित प्रत हवी. प्रमाणित प्रत कोठे मिळते ते दुसऱ्या मजल्यावर विचारावयाचे होते, आणि दुसऱ्या मजल्यावरचा मनुष्य त्या दिवशी रजेवर होता. जिना चढून उतरल्यावर लालाजी बाकावर टेकले, खरेदीखताची घडी पुन्हा पुन्हा नीट करीत राहिले आणि मला म्हणाले, “भाईसाब, जागा तीच, दुकान तेच, मीही तोच. मग दाखला कशाचा आणायचा?” मला उत्तर सुचले नाही.

मला राग आला तो त्या कारकुनाचा नव्हे. त्याच्यापुढच्या छापील तक्त्यात एकच रकाना होता आणि त्या रकान्यात एकच शब्द बसत होता. राग आला तो तक्ता करणाऱ्याचा. पुण्यात सदाशिव पेठ, नारायण पेठ आजही पत्त्यावर लिहिल्या जातात, नगर भूमापनाचा क्रमांक त्यांच्या जोडीस राहतो, आणि त्यामुळे टपाल चुकल्याचे किंवा वसुली बुडाल्याचे ऐकिवात नाही. येथेही दोन रकाने ठेवता आले असते. ज्यांच्याकडे जुने कागद आहेत त्यांस मी आग्रहाने सांगेन की नव्या पत्त्याचे आधारपत्र करून घेण्यापूर्वी मिळकतीच्या सर्व कागदांवर एकच पत्ता आहे की नाही ते पाहावे, आणि नामांतराच्या आदेशाची प्रमाणित प्रत घरात बाळगावी.

हे सारे मी लालाजींच्या दुकानात मोठ्या आवेशाने बोलत होतो, तेव्हा त्यांच्या मुलीने हिशेबाच्या वहीवरून मान वर केली. ती म्हणाली, “अंकलजी, मनीमाजरा म्हटलं की लोकांना मोटर मार्केट आठवतं. सेक्टर म्हटलं की माल मागवणारा घासाघीस कमी करतो.” नवी पाटी तिने आधीच रंगवावयास दिली होती आणि तीवर सेक्टर १३ असेच लिहावयाचे होते. लालाजी काही बोलले नाहीत. मीही गप्प राहिलो, कारण तिचे म्हणणे मला पूर्णपणे खोडून काढता येईना. आम्ही या शहरात नवखे आलो तेव्हा कोणी आमचे गाव, आमची जात विचारली नाही. सेक्टर कोणता एवढे विचारले, आणि त्या कोरड्या आकड्यात जी मोकळीक होती ती मला आमच्या वाईच्या आळीत कधी लाभली नव्हती. शिवाय ज्या जमिनीवर माझे घर आहे तीही कोणा शेतकऱ्यांची होती, तेथेही गाव होते. आणि मनीमाजऱ्याचे नाव ज्या राजांनी मोठे केले त्यांनी ती चौऱ्याऐंशी गावे काही सनद मिळवून घेतलेली नव्हती. असे असूनही तो अर्ज परत आला त्याचे मला वाईट वाटते, आणि मुलीस सेक्टर हवा आहे म्हणून ते कमी होत नाही. तिला आकडा हवा असेल तर तो अवश्य मिळावा. पणजोबांच्या खरेदीखतावरील नाव त्यासाठी खोटे ठरावे असे मात्र कोणतेही कारण मला दिसत नाही.

प्रमाणित प्रतीसाठी अर्ज केला आहे. तो लिहिताना मी पत्त्याच्या ओळीत प्रथम मनीमाजरा आणि त्यापुढे सेक्टर १३ असे दोन्ही घातले. खिडकीवर तो घेतला गेला, पण पोचपावतीवर दोहोंपैकी एकच उतरविले गेले. पुढची तारीख नवरात्रानंतरची मिळाली आहे, कारण यात्रेच्या दिवसांत लालाजींस दुकान सोडता येत नाही. त्या दिवशी मी पुन्हा त्यांच्याबरोबर जाणार आहे.