ऊस किती दिवस दम काढेल?

शेतकऱ्याला आकडे दाखवू नयेत, असं माझं ठाम मत होतं. मी पीक-पाण्याच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर करणाऱ्यांपैकी. आतलं गणित जागतिक अन्न व कृषी संघटनेनं 1998 साली प्रमाण मानलेल्या पेनमन-मॉन्टीथ समीकरणाचं: ऊन, वारा, तापमान आणि हवेतला ओलावा यांवरून रोज किती पाणी उडतं ते काढायचं. पडद्यावर मात्र दोनच ठिपके. लाल म्हणजे पाणी द्या, हिरवा म्हणजे थांबा. लोकांना विचारलं की तेही म्हणायचे, "चांगलंय." चहा पाजलेल्या पाहुण्याला वेगळं कोण सांगणार!

अंथुर्ण्याच्या शिवारात उसाच्या बांधावर बसायला लागलो आणि हे मत ढिलं झालं. हा पट्टा नीरा डाव्या कालव्यावरचा. पाणी येणार ते आवर्तनानं. विहिरीला पाणी असलं तरी मोटरीची लाईट बऱ्याचदा रात्रीची. अशा माणसाला भर उन्हाळ्यात आमचा लाल ठिपका "पाणी द्या" म्हणून सांगायचा. ते त्याला सुरळी झालेल्या पानांवरून आधीच दिसलेलं. एकानं सरळ विचारलं, "द्यायचं कुठनं? ऊस अजून किती दिवस दम काढंल, ते सांगतंय का तुमचं?"

सांगत होतं की! मुळांच्या थरात किती मिलिमीटर ओल उरली आणि रोज किती घटते, हे आतल्या गणितात होतंच. सोपेपणाच्या हौसेपायी आम्ही ते झाकलं होतं. एकरावर एक मिलिमीटर म्हणजे सुमारे 4,000 लिटर; त्यावरून मोटर किती तास चालवायची हे शेतकरी तोंडी काढतो. जुलै-ऑगस्टात लावलेला आडसाली आणि शेजारचा खोडवा, पाणी एकालाच पुरणारं. कुणाला द्यायचं? हा निवाडा ठिपक्यांच्या आवाक्याबाहेरचा.

ठिबक आणि दिवसाची वीज असलेल्याला ठिपके पुरतात, त्याच्यासाठी ते राहू देत. पण शेजारी बारामतीत ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्डच्या साथीनं उसात कृत्रिम बुद्धिमत्ता आणली आहे. असे पडदे आता खूप जणांच्या हातात येतील. ते करणाऱ्यांना माझी विनंती: प्रश्नावली घरी ठेवा, रात्रीची पाळी चालू असताना बांधावर या, आणि पुढच्या आवर्तनाची तारीख भरायला पहिल्याच पडद्यावर जागा ठेवा.