जितांची शिरगणती, मृतांची बेरीज

आज हयात असलेल्या माणसांची संख्या आजवर मरण पावलेल्या सर्व माणसांहून अधिक आहे, असे विधान अधूनमधून मोठ्या आत्मविश्वासाने केले जाते, आणि ज्याने आपल्या डोळ्यांदेखत गावाचे शहर होताना पाहिले आहे त्याला ते खरेही वाटून जाते. या समजुतीच्या मुळाशी दुपटीचे गणित आहे. एक, दोन, चार, आठ, सोळा अशा क्रमाने संख्या वाढत गेली, तर शेवटची संख्या तिच्या आधीच्या सर्व संख्यांच्या बेरजेपेक्षा एकने मोठी भरते. म्हणजे प्रत्येक पिढी मागच्या पिढीच्या दुप्पट झाली असती, तर आजची पिढी एकटीच सर्व पूर्वजांना पुरून उरली असती. परंतु माणसाच्या इतिहासाचा फार मोठा भाग दुपटीचा नाही, जवळजवळ जागच्या जागी थांबण्याचा आहे, आणि या थांबण्याचा अर्थ समजून घ्यायचा असेल तर संपूर्ण पृथ्वीपेक्षा एखादा जिल्हा डोळ्यांसमोर ठेवणे अधिक उपयोगाचे ठरते.

१८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढलेला वर्धा जिल्हा या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. १९०१ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ३,८५,१०३ होती, आणि ती आधीच्या जनगणनेपेक्षा सुमारे चार टक्क्यांनी कमी होती, कारण मधल्या काळात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पडून गेले होते. २०११ मध्ये तीच लोकसंख्या १३,००,७७४ झाली. एकशे दहा वर्षांत तिपटीहून अधिक झालेली ही वाढ पाहून जितांचे पारडे जड असावे असे कोणालाही वाटेल. पण दुसऱ्या पारड्यात काय आहे हे त्यासाठी मोजले पाहिजे.

मृत्युदर म्हणजे दर हजार लोकसंख्येमागे एका वर्षात होणारे मृत्यू. विसाव्या शतकाच्या आरंभी भारतात हा दर चाळीसच्या वर होता असे जनगणनांवरून काढलेले अंदाज सांगतात, आणि जुन्या काळी तो याहून कमी असण्याचे काही कारण दिसत नाही. दर हजारी चाळीस म्हणजे पंचवीस वर्षांत हजारी हजार. जन्म आणि मृत्यू समसमान असलेल्या प्रदेशात दर पंचवीस वर्षांनी तिथल्या लोकसंख्येएवढीच माणसे मृतांत जमा होतात, आणि वर राहिलेल्यांचा आकडा मात्र होता तेवढाच राहतो. या प्रमाणाने पावणेचार-चार लाखांच्या वर्धा जिल्ह्यात वर्षाला सुमारे १५,४०० मृत्यू होतील, आणि २०११ च्या तेरा लाखांची बरोबरी करायला केवळ पंचाऐंशी वर्षांचे मृत पुरेसे ठरतील. जुन्या काळी वस्ती इतकी दाट नव्हती हा आक्षेप रास्त आहे; म्हणून ती एक दशांशच होती, म्हणजे चौरस किलोमीटरला जेमतेम सहा माणसे होती असे धरले, तरी तेरा लाखांचा आकडा साडेआठशे वर्षांत गाठला जातो. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर म्हणजेच जिल्ह्यातील धाम नदीकाठचे पवनार, असे वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले होते. त्या पाचव्या शतकापासूनच मोजायला सुरुवात केली, तरी या अतिविरळ वस्तीचेही मृत तेवीस लाखांच्या आसपास जातात. हा हिशेब ढोबळ आहे, आणि स्थलांतराचा त्यात विचार नाही, पण त्याचा कौल फिरण्याइतका तो नाजूक नाही.

वस्ती तर त्याही आधीची आहे. जिल्ह्यातील खैरवाडा येथे शिळावर्तुळे आहेत. मृतांच्या अवशेषांभोवती मोठे दगड गोलाकार मांडून केलेल्या या स्मारकांची परंपरा विदर्भात ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकात नांदत होती. दगडांचे वर्तुळ ज्यांच्या वाट्याला आले ते मोजके असणार, कारण तेवढे धोंडे ओढून आणायला मनुष्यबळ आणि मान दोन्ही लागतात. बाकीच्यांचे काय झाले हे ती माती सांगत नाही.

सबंध जगाचा हिशेब वॉशिंग्टनच्या पॉप्युलेशन रेफरन्स ब्युरो या संस्थेने केला आहे. सुमारे दोन लाख वर्षांपूर्वीपासून २०२२ पर्यंत जन्मलेली माणसे ११,७०० कोटींच्या घरात जातात असा तिचा अंदाज आहे. संयुक्त राष्ट्रांनी जगाची लोकसंख्या ८०० कोटी झाल्याचा दिवस म्हणून १५ नोव्हेंबर २०२२ ही तारीख धरली. या आकड्यांनुसार प्रत्येक जिवंत माणसामागे तेरा-चौदा मृत उभे आहेत. आरंभीच्या काळासाठी या संस्थेने धरलेला जन्मदर हजारी ऐंशी इतका चढा आहे, आणि तो तसा धरावा लागतो याचे कारणच या विषयातील सर्वांत जड गोष्ट आहे: जन्मलेल्यांपैकी फार मोठा वाटा बालपणातच संपत असे, आणि जमात टिकायची तर तेवढे जन्म होणे भाग होते.

आजवरच्या मृतांमध्ये सर्वांत मोठा समुदाय मुलांचा आहे. मृत म्हटले की मनापुढे पूर्वज उभे राहतात, दाढीमिशीचे, घरदार करून गेलेले. पण पूर्वज होण्यासाठी आधी मोठे व्हावे लागते, आणि बहुसंख्य मृतांना तेवढा अवधी मिळाला नाही. पिंडदानात पिता, पितामह आणि प्रपितामह अशा तीनच पिढ्यांचा नावाने उच्चार होतो, त्यापलीकडचे नावाविना पितर होतात; सर्वपित्री अमावास्येला किंवा अक्षय तृतीयेला मातीची नवी घागर भरून विदर्भातील घरांत ज्यांची आठवण केली जाते, त्यांत ज्ञातांबरोबर अज्ञातांनाही जागा आहे. मात्र दोन वर्षांच्या आतील बाळाला धर्मशास्त्राने अग्नी आणि उदकदान दोन्ही सांगितलेले नाही; त्याला भूमीत ठेवावे एवढेच सांगितले आहे. जो समुदाय संख्येने सर्वांत मोठा, त्याच्यासाठी ना दगड, ना तिथी, ना घागर. जिवंतच अधिक आहेत असा भास माणसाला होतो तो बहुधा यामुळेच, कारण आठवणीतल्या मृतांची संख्या खरोखरच थोडी असते.

विसाव्या शतकात जे पालटले ते मुलांच्या मरणाचे हे प्रमाण. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने मध्य प्रांतात फार मोठी प्राणहानी केली, आणि १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या किंचित घटली. म्हणून १९२१ ला लोकसंख्याशास्त्रज्ञ महाविभाजक वर्ष म्हणतात. त्यानंतर दुष्काळ आणि साथी ओसरत गेल्या, वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामला १९४५ साली कस्तुरबा रुग्णालय सुरू झाले, देवी हटली, आणि जिल्ह्याचे १९०१ चे पावणेचार-चार लाख तेरा लाख झाले. घरोघरी जन्म वाढले म्हणून हे घडले नाही. जन्मलेली मुले जगू लागली, हे या वाढीचे खरे कारण आहे. जितांची संख्या मृतांना कधी ओलांडणार नाही, आणि ती ओलांडावी अशी इच्छाही करण्याचे कारण नाही, पण मृतांच्या त्या राशीत मुलांची भर जवळजवळ थांबणे ही कोणत्याही साम्राज्याच्या विजयापेक्षा मोठी घटना होती.

विदर्भात गावोगावच्या जन्ममृत्यूची जुनी नोंद कोतवाल बुकात सापडते. जातपडताळणीसाठी पणजोबांच्या नोंदीची नक्कल हवी असलेली माणसे आजही तहसील कार्यालयात ही जीर्ण पाने उलटतात. हव्या असलेल्या ओळीच्या वर आणि खाली बापाचे नाव, जात, तारीख आणि पुढे केवळ ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढाच शब्द असलेल्या ओळी असतात, कारण नोंद होईपर्यंत बारसे झालेले नसे. अशा एखाद्या मुलीच्या बापाचे नाव काही पानांनंतर मृत्यूच्या नोंदींत पुन्हा येते. मुलीचे नाव तिथेही नसते.