तुटक रेघ

ड्रॉइंग या विषयाचे आणि माझे लहानपणापासून वाकडे. शाळेत मी काढलेला आंबा पाहून ड्रॉइंगमास्तरांनी ‘पेरू बरा आहे’ असा शेरा दिला होता. पुढे मी साहित्याकडे वळलो, त्यात त्या पेरूचाही थोडा वाटा असावा.

पण चुकवलेला विषय माणसाला कुठे ना कुठे गाठतोच. मला तो सत्तेचाळिसाव्या वर्षी, स्वतःच्या घरात गाठून गेला. आमची कन्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होती. गणितात उत्तम, भौतिकात उत्तम, आणि इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये नापास! निकालाचा कागद हातात धरून मी म्हणालो, “समोरून, वरून आणि बाजूने पाहायचं नि तीन आकृत्या काढायच्या. एवढंही जमू नये?”

ती काही बोलली नाही. मे महिन्याच्या सुट्टीत मात्र तिने पुस्तक माझ्यापुढे ठेवले. “बाबा, ही एक तुम्ही काढून दाखवा.”

पुस्तकात एक ठोकळा होता. दोन पायऱ्यांचा, खालच्या पायरीला वरून आरपार गोल भोक. मी पेन्सिल सरसावली आणि दहा मिनिटांत ठोकळा काढला. कन्या म्हणाली, “हे चित्र झालं. प्रक्षेप कुठाय?”

दुसऱ्या दिवशी मी कपडे धुण्याच्या साबणाची नवी वडी घेतली आणि विळीवर तिच्या दोन पायऱ्या केल्या. पेन्सिलीने भोकही पाडले. “अहो, तो महिन्याचा साबण आहे!” असा आवाज आतून आला; पण ज्ञानाच्या मार्गात असे अडथळे यायचेच.

वडी डोळ्यांसमोर धरली आणि पहिली अडचण कळली. आपण नेहमी पाहतो ते खरे नसते. जवळचे मोठे दिसते, लांबचे लहान दिसते. रेल्वेचे रूळ दूरवर एकमेकांना मिळालेले दिसतात. लंबप्रक्षेपाच्या शास्त्रात ते कधीही मिळत नाहीत. तिथे डोळा इतका दूर न्यायचा, की वस्तूपासून निघालेल्या सगळ्या रेघा एकमेकींना समांतर येतील. म्हणजे ज्याला जवळून पाहायचे, त्याच्यापासून आधी दूर जायचे.

दुसरी अडचण जागेची. डावीकडून दिसणारी आकृती कागदावर उजवीकडे काढायची आणि वरून दिसणारी खाली! हा उलटा कारभार मला चार दिवस उमगेना. शेवटी कन्येने मला दिवाणखान्याच्या कोपऱ्यात उभे केले. “वस्तू कोपऱ्यात लटकते आहे असं समजा. समोरून पाहिलंत, तर छाप मागच्या भिंतीवर पडतो. वरून पाहिलंत, तर जमिनीवर. डावीकडून पाहिलंत, तर उजव्या भिंतीवर. आता जमीन खाली वळवा, भिंत मागे उघडा आणि सगळं सपाट करा.” आपल्याकडची ही रीत; अमेरिकेत नेमकी उलट. तिथे छाप वस्तूच्या अलीकडे घेतात, त्यामुळे वरचे वर आणि डावीकडचे डावीकडेच राहते.

मग तिने बाटलीचे एक बूच कापून दिले. वरून पाहावे तर वर्तुळ, समोरून कड चौरस, बाजूने त्रिकोण. एकच बूच! तिघेजण तीन बाजूंना बसले असते, तर भांडण अटळ होते, आणि तिघेही खरे ठरले असते. ‘दृष्टिकोन’ या शब्दावर मी वीस वर्षे टिपणे सांगत आलो. पण खुर्ची सोडून दुसऱ्या बाजूला जाऊन बसावे लागते, हे मला बुचाने शिकवले.

या विद्येला शास्त्राचे रूप दिले ते गास्पार माँज या फ्रेंच माणसाने. जन्म 1746चा. घराणे खानदानी नसल्यामुळे मेझियेरच्या लष्करी शाळेत त्याला अधिकाऱ्यांत जागा नव्हती, नकाशे काढणाऱ्यांत होती. शत्रूच्या तोफांपासून किल्ल्याचा आतला भाग झाकायला तट किती उंच हवेत, याचा हिशेब फार लांबलचक असे. त्याने तो रेघांनी इतक्या चटकन सोडवला, की वरिष्ठ आधी उत्तर पाहायलाच तयार होईनात. पटल्यावर मात्र ती रीत लष्करी गुपित म्हणून झाकून ठेवली. 1795 साली पॅरिसला त्याने ती उघड शिकवली आणि 1799 साली पुस्तक निघाले.

महिनाभराने मी एक आकृती बिनचूक काढली, असे मला वाटले. कन्येने पाहिले आणि विचारले, “समोरच्या देखाव्यात भोक कुठंय?”

“समोरून ते दिसत नाही.”

“दिसत नाही बाबा, पण आहे ना! त्याच्यासाठी तुटक रेघ असते.”

ती सहज बोलून गेली. मी मात्र पेन्सिल खाली ठेवली. त्याच आठवड्यात कपाट सरकवताना मागे कागदांची एक गुंडाळी सापडली होती. तिच्या पहिल्या सहामाहीच्या शीट. एकच आकृती आठ-आठ वेळा काढून खोडलेली, काही ठिकाणी खोडरबराने कागद फाटलेला. रात्री दोनपर्यंत तिच्या खोलीत दिवा असे, आणि मी समजत होतो की पोरगी मोबाइल बघते! निकालाचा कागद हा समोरचा देखावा. मी तेवढाच पाहिला आणि ‘एवढंही जमू नये’ म्हणून मोकळा झालो. तुटक रेघ काढायची मला सुचली नाही.

मी तिला गुंडाळी दाखवली आणि म्हणालो, “मी तुला तसं बोलायला नको होतं.” ती म्हणाली, “आता भोक काढा आधी.”

पुढच्या परीक्षेत ती सुटली. मी अजून सुटलेलो नाही. डावी बाजू डावीकडेच काढतो.

आज अंगणात धाकट्याचा मातीचा किल्ला चालला आहे. मघाशी त्याने हाक मारली, “बाबा, किल्ला बघा ना!” मी व्हरांड्यातूनच “छान, छान” म्हणालो. मग आठवण झाली, चपला घातल्या आणि मागच्या बाजूला गेलो. तिथे, समोरून कोणालाही दिसणार नाही असा, त्याने एक चोरदरवाजा केला होता.