आठ आकडे

पनवेलच्या घरातलं आईचं लोखंडी कपाट रिकामं करताना साड्यांच्या घडीतून एक पांढरं प्लॅस्टिकचं कार्ड खाली पडलं. एटीएम कार्डाएवढं, एका बाजूला सिमच्या आकाराचं भोक, आणि डांबरगोळ्यांचा वास. मागे पिन आणि पुक, म्हणजे कुलूप लागलेलं सिम उघडायचे आठ आकडे. पुकवरचं चंदेरी आवरण नखानं खरवडलेलं.

२६ जुलै २००५ ची रात्र. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. लोकल बंद आणि बाबा कुर्ल्यात अडकलेले. मोबाइल भिजला म्हणून त्यांनी बॅटरी काढून, पुसून परत बसवली आणि फोननं पिन मागितला. तो पिन मामानं घालून दिलेला, ‘चोरीला गेला तर?’ म्हणून. चोर काही आला नाही. बाबांनी तीन अंदाज केले, तिन्ही चुकले, सिमला कुलूप लागलं. माझा मामावरचा राग तेव्हापासूनचा आहे आणि तो मी नीट जपून ठेवला आहे.

आमच्याकडे वीज गेली होती, पण लँडलाइनला वीज एक्स्चेंजमधून येते, म्हणून ती चालू. पीसीओवरून बाबांचा फोन आला. ‘कपाटातलं ते कार्ड काढ आणि मागचे आठ आकडे वाच.’ आईनं एका हातात मेणबत्ती धरून नखानं आवरण खरवडलं आणि दोन-दोन आकडे वाचले. प्रत्येक जोडीला पलीकडून ‘हं’ आलं असणार, कारण ती तेवढी थांबत होती. मग फोन कटला. कुठे आहे, जेवलोय का, तुम्ही कशा आहात, काही नाही. आणि नेटवर्क तर त्या रात्री जागोजागी कोलमडलं होतं. सिम उघडून ते करणार काय होते?

या आठ आकड्यांची शिस्त कडक आहे. पिन तीनदा चुकला की पुक लागतो आणि पुक दहादा चुकला की सिम कायमचं गेलं. म्युनिकच्या, नोटा छापणाऱ्या गीझेके अँड डेव्हरिएंट कंपनीनं १९९१ मध्ये फिनलंडच्या रेडिओलिन्याला पहिली ३०० सिम विकली. तेव्हा अख्खं कार्डच फोनमध्ये सरकवत. ज्यांनी हे रचलं, त्यांच्या डोळ्यांसमोर एकटा माणूस असावा, स्वतःचं गुपित स्वतःपाशी ठेवणारा. आमच्या घरात एकही कोड एकट्याला उघडता आलेला नाही. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं वाचायचं. पुरानंतर बाबांनी नवा पिन ठेवला आणि विसरू नये म्हणून कालनिर्णयच्या मागे, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिला.

इथे मध्येच इंग्रजांविरुद्ध बंड करणारे वासुदेव बळवंत फडके येतात, एका निरोपामुळे. त्यांचं शिरढोण पनवेलजवळच. पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात ते नोकरीला होते. आई आजारी असल्याचा निरोप आला, रजा मिळाली नाही आणि ते पोचले तेव्हा आई गेलेली होती, ही गोष्ट आम्ही शाळेत शिकलो. पनवेलच्या नाट्यगृहाला त्यांचं नाव आहे. तिथे नाटकाला गेले की मला बंडाआधी तो निरोप आठवतो. काय असेल त्यात? ‘लवकर ये’, एवढंच? आखूड निरोपातलं उरलेलं ऐकणाऱ्यानं भरायचं असतं. आईनं त्या रात्री फोन ठेवला आणि सरळ भात टाकला. मी मात्र धुसफुसत बसले.

आई गेली, पण तिचा नंबर चालू आहे. गॅसचा कोड त्यावर येतो, बँकेचा ओटीपीही. नाव बदलून घेऊ म्हटलं की बाबा चष्मा शोधायला लागतात. प्रीपेड नंबर नव्वद दिवस वापरला नाही तर बंद होऊ शकतो. शिल्लक वीस रुपये असतील तर ते कापून आणखी तीस दिवस मिळतात. बंद झालेला नंबर निदान नव्वद दिवस दुसऱ्या कुणाला देत नाहीत, असं दूरसंचार नियामक ट्रायनं २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं. म्हणजे त्यानंतर तो कुणाचाही. म्हणून रिचार्ज मी चुकवत नाही.

बाबांना आता बारीक अक्षर दिसत नाही, तेव्हा आईचं सिम माझ्याकडे डोंबिवलीला असतं. सिलिंडर दारात आला की त्यांचा फोन येतो: ‘कोड सांग गं.’ कोड कुणालाही सांगू नका, असं बँक बजावते ते खरंच आहे. भामटे कमी नाहीत. पण गॅसवाल्याला तो सांगावाच लागतो आणि बाबा तो इतक्या मोठ्यानं सांगतात की तळमजल्यालाही कळतो. मग लगेच फोन ठेवतात, कुर्ल्याहून ठेवला होता तसाच.

त्यावर मी उपाय काढला आहे. पहिले दोन आकडे लगेच सांगते. उरलेले सांगण्याआधी विचारून घेते: बीपीची गोळी घेतलीत का? रात्री काय जेवलात? गॅसवाला जिन्यात खोळंबतो. त्याला माझा नाइलाज आहे.