अर्थ लागंना

मराठीच्या वर्गात वर्षानुवर्षे ऐकलेले एक वाक्य गेल्या आंब्या बहाराच्या वेळी आम्हाला एका जुन्या पिकअपच्या बॉनेटखालून ऐकू आले. ‘अर्थ लागंना सर हिला.’ बोलणारा मिस्त्री वाहनांच्या वायरिंगचे काम करणारा. त्याच्या तोंडचा ‘अर्थ’ इंग्रजीतून गॅरेजात आलेला. संस्कृतातून वर्गात आलेला नव्हे. एरवी अशा ठिकाणी कोटी करायला आम्ही चुकलो नसतो. त्या दिवशी ती सुचूनही ओठांवर आली नाही. कारण गाडीच्या दाराशी एक मुलगा उभा होता, आणि आदल्या संध्याकाळी आम्ही त्याला, तो शब्द न उच्चारता, चोर ठरवले होते.

आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. अंबड तालुक्यातली मोसंबीची बाग आमच्यापैकी एकाच्या वडिलांची; पण सुट्टीच्या दिवशी तिथला हिशेब, धावपळ आणि चहा दोघांच्याही वाट्याचा. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिचा आमच्या भागातल्या माणसांना अभिमान आहे; परंतु त्याआधी २०१२-१३च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या कितीतरी बागा उभ्या वाळल्या, हेही कोणी विसरलेले नाही. अण्णांची बाग वाचली ती या पिकअपमुळे. मागे पाण्याची टाकी ठेवून त्यांनी तो उन्हाळा काढला. त्यामुळे गाडी विकण्याचा विषय घरात निघत नाही. अण्णांचे गुडघे थकल्यापासून ती गावातला एक मुलगा चालवतो. तो आमचाच विद्यार्थी. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होता, दुसऱ्या वर्षी आलाच नाही. आमच्या हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा अधिक आहेत.

दिवाळीच्या सुमारास गाडी कुरकुर करू लागली. चावी फिरवावी तर इंजिन जड, आळसल्यासारखे फिरे. काही दिवसांनी फिरेनासेच झाले. नुसते ‘टक्’ वाजे. बॅटरी चार वर्षांची होती. आम्ही म्हणालो, बॅटरी संपली. नवी आणली, आणि गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. आपले निदान अचूक ठरल्याचे समाधान आम्ही आठ दिवस उपभोगले. नवव्या दिवशी, फळांचे क्रेट भरून झाल्यावर, पुन्हा तेच ‘टक्’.

आठ दिवसांत नवी बॅटरी जाते कशी? पारावर कोणीतरी सहज म्हणाले, ‘बदलली असंल कुणी.’ हे वाक्य आमच्या मनात ज्या वेगाने रुजले, त्याची आज लाज वाटते. गाडी रात्री त्या मुलाच्या दारात उभी असे. आम्ही त्याला विचारले, ‘मधे कुठे बॅटरी काढली होती का?’ प्रश्न साधा होता. स्वर साधा नव्हता. त्याने उत्तर दिले नाही. अण्णांच्या बाजेवर चावी ठेवली आणि निघून गेला.

सकाळी तो आला, पण आमच्यासाठी नव्हे. माल सडू नये म्हणून. क्रेट उतरवून भाड्याच्या गाडीत भरून जालन्याच्या बाजाराकडे रवाना केले, तेव्हा उशीर झालाच होता. मग मिस्त्रीला बोलावले.

मिस्त्रीने आमचे निदान ऐकून घेतले आणि बाजूला ठेवले. आधी त्याने हेडलाइट लावायला सांगितले आणि त्या मुलाला चावी फिरवायला लावली. दिवे किंचित मंदावले, इतकेच. बॅटरी उतरलेली असती तर अशा वेळी दिव्यांनी मान टाकली असती. मग मीटर काढला. बॅटरीवर १२.४ व्होल्ट. चावी फिरवताना ११च्या आसपास. मग मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावली. ‘मार सेल्फ.’ जिथे अर्ध्या व्होल्टहून कमी दिसायला हवे, तिथे आकडा सातच्या वर गेला. शेवटी त्याने एक जाड केबल घेऊन बॅटरीचा निगेटिव्ह थेट इंजिनला जोडला. गाडी एका झटक्यात सुरू झाली. ती बंद करून त्याने केबल काढली, पुन्हा ‘टक्’. केबल लावली, सुरू. तेव्हा तो ते वाक्य बोलला.

आम्हाला जे समजावून सांगितले गेले ते असे. वीज बॅटरीतून निघते, तशी तिला बॅटरीत परतावेही लागते. जाण्याची वाट म्हणजे लाल, जाड केबल. ती सगळ्यांना दिसते. परतीची वाट म्हणजे गाडीचे लोखंडच. मात्र इंजिन चासीवर थेट बसवलेले नसते, हादरे शोषण्यासाठी रबरी माउंटिंगवर बसवलेले असते. आणि रबर वीज वाहू देत नाही. म्हणून इंजिन किंवा गिअरबॉक्स आणि चासी यांना जोडणारी तारांची एक विणलेली पट्टी असते. तिलाच अर्थ म्हणायचे. दीड महिन्यापूर्वी क्लचप्लेट बदलताना गिअरबॉक्स उतरवला होता. तो चढवताना ही पट्टी गंज आणि चिखल न खरवडताच कसली गेली होती. त्या दिवशी काम संध्याकाळपर्यंत संपवण्याची घाई कारागिराची नव्हती. आमची होती.

हेडलाइटचा अर्थ बॉडीला, म्हणून त्यांना काही झाले नाही. स्टार्टरला मात्र सुरुवातीच्या क्षणी दोनशे अँपिअरच्या घरात प्रवाह लागतो. एवढ्या प्रवाहापुढे ओहमच्या शंभराव्या हिश्शाच्या तीन-चार पटींचा अडथळाही सात-आठ व्होल्ट गिळून टाकतो. अल्टरनेटरही इंजिनवरच बसवलेला. त्याचीही परतीची वाट हीच, त्यामुळे जुनी बॅटरी पुरती भरतच नव्हती. म्हणजे जिला आम्ही रोग समजलो ती रोगाची शिकार होती. नव्या बॅटरीने आठ दिवस वेळ मारून नेली. दुखणे जागेवरच वाढत राहिले.

मिस्त्रीने मान वर न करता विचारले, ‘एक्सिलेटरची वायर तापत व्हती का?’ परतीची मुख्य वाट बंद झाली की वीज मिळेल त्या लोखंडातून वाट काढते. इंजिनला जोडलेली एक्सिलरेटरची बारीक तार अशा वेळी पोळण्याइतकी तापते. मुलगा म्हणाला, ‘चार दिवस झालं सांगायलोय.’

त्याने सांगितले होते. आम्हालाच सांगितले होते. आम्ही ‘बघू’ म्हणालो होतो.

आयुर्वेदात रोग ओळखण्याची पाच साधने सांगितली आहेत: निदान म्हणजे हेतू, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. माधवकराचा ‘रोगविनिश्चय’ हा ग्रंथ तर ‘माधवनिदान’ याच नावाने ओळखला जातो. आमची चूक या पाचांच्या उजेडात स्वच्छ दिसते. क्लचप्लेटचे काम हा हेतू आम्ही विचारला नाही. तापणारी तार हे पूर्वरूप आम्ही ऐकले नाही. ‘टक्’ या एकाच रूपावर थांबलो. उपशय म्हणजे उपचाराने पडणाऱ्या फरकावरून केलेली पारख. तिने आम्हाला फसवले, कारण आम्ही ती अर्धीच केली. नवी बॅटरी लावून बरे वाटले, एवढे पाहिले. मिस्त्रीने केबल लावूनही पाहिली आणि काढूनही पाहिली. आणि विकार कसा घडत गेला ही संप्राप्ती आम्ही शोधलीच नाही. तिच्या जागी एक माणूस उभा केला.

खरे तर ही शिस्त आमच्या विषयात नाही असे कसे म्हणावे? आम्ही ज्याला पाठचिकित्सा म्हणतो, त्या शब्दातच वैद्य बसलेला आहे. आमच्या शेजारच्या पैठणात एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि त्यात कोणी आपली ओवी मिसळू नये असे बजावले. हे आम्ही दरवर्षी शिकवतो. प्रतीत जे नाही ते आपल्या सोयीसाठी घालू नये. जिथे अडते तिथे संहितेला दोष देण्याआधी प्रती पुन्हा ताडून पाहाव्यात. आम्ही मात्र पारावरची एक ओळ उचलून एका मुलाच्या चरित्रात घातली, आणि ती तिथे इतकी चपखल बसली की तपासावीशी वाटली नाही. ती चपखल का बसली? हजेरीपटावरच्या त्या खुणांमुळे. तो वर्गात का येत नव्हता, हे आम्ही तेव्हाही विचारले नव्हते.

पट्टीची टोके पॉलिश पेपरने घासून, बोल्टखालचे लोखंड चकचकीत करून, वर ग्रीस लावून मिस्त्रीने ती घट्ट कसली. अर्ध्या तासाचे काम. निघताना तो म्हणाला, ‘बॅटरीवर नंबर असतो सर. कार्डावर पण असतो.’ वॉरंटीचे कार्ड आमच्याच खणात होते. नंबर जुळला. हे आदल्या संध्याकाळी, तो प्रश्न विचारण्याआधी, दोन मिनिटांत पाहता आले असते. प्रती ताडून पाहण्याचा पगार घेणाऱ्या माणसांनी समोरच्या दोन प्रती ताडून पाहिल्या नाहीत.

आम्ही त्याच्या घरी गेलो. ‘चुकलं आमचं,’ म्हणालो. तो म्हणाला, ‘असू द्या सर.’

‘असू द्या’ या दोन शब्दांत क्षमा आहे, संकोच आहे, की विषय संपवण्याची इच्छा, हे प्रश्नपत्रिकेत आले तर आम्ही पानभर लिहू. त्याच्या दारात उभे असताना आम्हाला काही सांगता आले नाही. गाडी तो अजूनही चालवतो. ती आता पहिल्या चावीला सुरू होते. कुठे काही खडखडले, कशाचा वास आला, काही तापले, की तो लगेच सांगतो. अण्णांना सांगतो. आम्हाला सांगत नाही.