प्राणी पाळायचाय? आधी घड्याळ बघा



गेल्या काही वर्षांत दवाखान्यात एक प्रश्न वारंवार कानावर येतो. रक्तदाब मोजून होतो, गोळ्या लिहून होतात आणि उठता उठता पेशंट विचारतो, "डॉक्टर, एखादं कुत्रं पाळलं तर बरं वाटेल का हो? घरी गेलं की फार एकटं वाटतं." विचारणारे बहुतेक तिशी-चाळिशीतले असतात. नोकरीसाठी शहरात आलेले, एकटे किंवा दोघंच राहणारे, सकाळी आठला बाहेर पडून रात्री आठला परतणारे.

मी माणसांचा डॉक्टर आहे, जनावरांचा नाही. पण प्रश्न एकटेपणाचा आणि तब्येतीचा असतो, म्हणून तो माझ्याकडे येतो. त्याचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून हा लेख.

प्राणी म्हणजे औषध का?

१९८० साली अमेरिकेत एरिका फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. हृदयविकारामुळे रुग्णालयात दाखल झालेल्या ९२ रुग्णांवर त्यांनी वर्षभर लक्ष ठेवलं. ज्यांच्या घरी पाळीव प्राणी होता अशा ५३ जणांपैकी ३ दगावले. ज्यांच्या घरी नव्हता अशा ३९ पैकी ११ दगावले. तेव्हापासून "प्राणी पाळा, हृदय सांभाळा" हे वाक्य जगभर फिरतंय.

पण थोडं थांबून विचार करा. प्राणी पाळणारा माणूस मुळातच जास्त हिंडता-फिरता असू शकतो. फार आजारी माणूस प्राणी पाळायच्या भानगडीत पडतच नाही. मग फायदा प्राण्यामुळे झाला की माणूसच आधीपासून धडधाकट होता? अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१३ मध्ये या सगळ्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांचं म्हणणं असं, की प्राणी, विशेषतः कुत्रा पाळल्याने हृदयविकाराचा धोका कमी होण्यास मदत होत असावी, पण केवळ तेवढ्यासाठी प्राणी घरी आणू नये.

मला हे अगदी पटतं. गोळी लागू पडली नाही तर बदलता येते. कुत्रं १० ते १३ वर्षं जगतं, घरात राहणारं मांजर १५ वर्षांच्या पुढेही जातं. ते चिठ्ठीवरून खोडता येत नाही.

आमच्या गावचा मोत्या

माझं लहानपण सातारा जिल्ह्यातल्या एका गावात गेलं. दारात मोत्या नावाचं कुत्रं होतं. त्याला कुणी 'पाळलं' होतं असं म्हणता येणार नाही. आजी भाकरीचा तुकडा टाकायची, काकू ताक ओतायची, आम्ही पोरं शाळेतून आलो की त्याच्या मागे शिवारभर पळायचो. घराला कुलूप लागलेलं मी बघितलंच नव्हतं. मोत्या दिवसभरात पाच मिनिटंही एकटा नसायचा.

आज फ्लॅटमध्ये कुत्रं आणताना आपल्या मनात तोच मोत्या असतो. पण मोत्यामागे उभं असलेलं आठ-दहा माणसांचं घर आता नसतं. ते सगळं काम एका माणसावर येतं, आणि तो माणूस दिवसातले अकरा तास बाहेर असतो.

आमच्या घरचा हिशेब

मुलगी शिकायला बाहेरगावी गेली तेव्हा घर एकदम शांत झालं. पत्नी कॉलेजात शिकवते. कुत्रं आणूया, असं आम्हा दोघांच्याही मनात होतं. एका रविवारी आम्ही वही घेऊन बसलो आणि आठवडाभरात घरात कोण किती वाजता असतं ते लिहून काढलं. तिचं कॉलेज, माझे राऊंड, सकाळचा दवाखाना, संध्याकाळचा दवाखाना. रोज सकाळी आठ ते दोन आणि पाच ते नऊ घराला कुलूप! मध्ये तीन तास आम्ही घरी, त्यातले दीड तास जेवण आणि डुलकी.

वही मिटून ती म्हणाली, "अहो, आपल्याला कुत्रं आवडतं. पण कुत्र्याला हे घर आवडेल का?"

विषय तिथेच संपला. दोन महिन्यांनी शेजारच्या इमारतीतलं एक कुटुंब परदेशी निघालं. त्यांच्याकडे चार वर्षांची दोन मांजरं होती, सख्खी भावंडं. ती आमच्याकडे आली. आम्ही घरी नसताना ती बहुधा झोपलेली असतात. जाग आली तर एकमेकांना सोबत असतात. रात्री साडेनऊला मी दार उघडतो तेव्हा एक दारात असतं आणि दुसरं मान वर करून बघतं, पुन्हा झोपतं. एवढं स्वागत मला पुरतं.

कोणासाठी कोण?

*कुत्रा* : त्याला दिवसातून तीन-चार वेळा बाहेर न्यावं लागतं आणि माणसांची सोबत लागते. तीन महिन्यांचं पिल्लू तीन-चार तासांपेक्षा जास्त वेळ शू धरू शकत नाही. दिवसभर कोंडलेलं कुत्रं भुंकतं, फर्निचर कुरतडतं, स्वतःचे पाय चाटून जखमा करून घेतं. त्याला वाईट सवय म्हणू नका, तो एकटेपणाचा त्रास असतो. घरून काम करत असाल, घरी आई-वडील असतील किंवा दुपारी फिरवायला विश्वासू माणूस मिळत असेल तरच कुत्र्याचा विचार करा. पिल्लापेक्षा दोन-तीन वर्षांचं, शांत स्वभावाचं कुत्रं नोकरदाराला बरं पडतं. आपल्या हवेत हस्कीपेक्षा गावठी कुत्रं कधीही सुखात राहतं.

*मांजर* : नोकरी करणाऱ्यांना बहुधा सर्वांत सोयीचं. शी-शूसाठी घरातच वाळूचा ट्रे चालतो, तो रोज साफ करावा लागतो. शक्यतो दोन आणावीत. खिडक्यांना आणि बाल्कनीला जाळी हवीच, वरच्या मजल्यावरून मांजरं पडतात.

*मासे* : वेळ कमी, प्रवास जास्त, अशांसाठी उत्तम. मात्र टाकी आणून त्याच दिवशी मासे सोडू नका. फिल्टर चालू ठेवून पाणी तयार व्हायला काही आठवडे द्यावे लागतात, नाहीतर माशांच्याच विष्ठेतला अमोनिया त्यांना मारतो. दर आठवड्याला थोडं पाणी बदलायचं आणि खाणं बेतानं घालायचं. हाताला जखम असेल तर ग्लोव्ह्ज घालूनच टाकी साफ करा. या पाण्यातल्या एका जंतूमुळे हातावर महिनोन्‌महिने न भरणाऱ्या गाठी येऊ शकतात.

*पक्षी* : बजरीगर किंवा लव्हबर्ड्स एकेकटे ठेवू नयेत. दमेकऱ्यांनी पक्ष्यांपासून लांबच राहावं. पिसांच्या आणि विष्ठेच्या धुळीमुळे काही जणांच्या फुप्फुसांना सूज येते आणि ती वर्षानुवर्षं राहिली तर फुप्फुसं कायमची आखडतात. कबुतरांमुळे झालेला हा आजार आपल्याकडे छातीचे डॉक्टर नेहमी बघतात. आणि आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. चांदणीच्या पाठीचं देशी कासवही त्यातच आलं.

माझ्या विषयातल्या चार गोष्टी

१) अ‍ॅलर्जी : मांजराची अ‍ॅलर्जी केसांमुळे होते असा समज आहे. खरं कारण त्याच्या लाळेतलं आणि त्वचेतलं प्रथिन. मांजर गेल्यावरही ते घरात काही महिने टिकतं. म्हणून आणण्याआधी मांजर असलेल्या एखाद्या घरी चार-पाच वेळा तास-दोन तास बसून या. शिंका, डोळ्यांना खाज किंवा छातीत घरघर झाली तर तिथेच थांबा.

२) गरोदरपण : मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू पसरू शकतो. पण विष्ठा बाहेर पडल्यावर तो संसर्गजन्य व्हायला किमान एक दिवस लागतो. ट्रे रोज, आणि घरातल्या दुसऱ्या कुणी साफ केला, मांजराला कच्चं मांस दिलं नाही, तर धोका खूप कमी होतो. मांजर घराबाहेर काढायची गरज नसते.

३) रेबीज : कुत्रा असो वा मांजर, लसीकरण वेळेवर आणि दरवर्षी. चावा किंवा ओरखडा, कितीही छोटा असला तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की पेशंट वाचणं जवळपास अशक्य असतं. लस वेळेत घेतली तर हा आजार टाळता येतो.

४) प्रतिकारशक्ती कमी असेल तर : केमोथेरपी, अवयव प्रत्यारोपण, दीर्घकाळ स्टिरॉइड्स चालू असतील तर कोणताही प्राणी आणण्याआधी तुमच्या डॉक्टरांशी बोला.

तुम्ही अ‍ॅडमिट झालात तर?

हा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून मी विचारतो. एका पावसाळ्यात डेंग्यूचा एक तरुण पेशंट आला. प्लेटलेट्स भराभर उतरत होत्या, पोटात दुखत होतं. अ‍ॅडमिट व्हा म्हटलं तर ऐकेना. म्हणाला, "सर, घरी लॅब्राडॉर आहे. सकाळपासून कोंडलाय. किल्ली माझ्याकडेच आहे." तो खरोखर सही करून घरी निघाला होता. शेवटी त्याच्या ऑफिसातल्या मैत्रिणीला फोन लावला, ती किल्ली घेऊन गेली, तेव्हा सलाईन लागलं. पुढचे दोन दिवस त्याची तब्येत नाजूक होती. घरी गेला असता तर काय झालं असतं याचा विचार नको वाटतो.

म्हणून घरी प्राणी असेल तर किल्ली आणि जबाबदारी घेणारं दुसरं माणूस आधी ठरवा. असं एकही नाव सुचत नसेल, तर आधी ते माणूस शोधा. एकटेपणावरही तो जास्त चांगला उपाय आहे.

न पाळताही

माझ्या एक पेशंट आहेत, बँकेत अधिकारी. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) आई गेल्यावर घरात एकट्याच. झोप उडाली, रक्तदाब वाढला. पिल्लू घ्यायचं ठरवून, पैसेही बाजूला काढून त्या सल्ल्याला आल्या. आम्ही दोघांनी मिळून त्यांच्या दिवसाचे तास मोजले. साडेआठ ते साडेसात बाहेर. त्या गप्प झाल्या. डोळ्यांत पाणी आलं.

मी विचारलं, "तुमच्या इमारतीत कुणाकडे कुत्रं आहे का?" होतं. खालच्या मजल्यावरच्या आजी-आजोबांकडे. आजोबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, कुत्र्याचं फिरणं जवळपास बंद. आता या बाई रोज सकाळी साडेसहाला त्याला चाळीस मिनिटं फिरवून आणतात. येताना आजींकडे चहा होतो. रक्तदाबाची गोळी चालूच आहे, पण झोप सुधारली. गेल्या खेपेला म्हणाल्या, "डॉक्टर, रविवारी उशीर झाला तर आजी फोन करतात, बरी आहेस ना म्हणून."

तेव्हा मंडळी, प्राणी आणायचा विचार असेल तर आधी एक वही घ्या. महिनाभर रोज लिहा : घरी किती वाजता आलात, त्यानंतर अंगात किती त्राण होतं, कितीदा गावाला गेलात. मग त्या वहीत कोण बसतंय ते बघा. कुत्रं बसेल, मांजर बसेल, मासे बसतील, किंवा सध्या कुणीच नाही. कुणीच बसत नसेल तरी वाईट वाटून घेऊ नका. तासांचं गणित पुढे बदलतं, तेव्हा पुन्हा वही उघडता येते.

काळजी घ्या. स्वतःची, आणि घरी कुणी वाट बघत असेल तर त्याचीही.